पेढी, कंपनी आणि सात सह्या

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढावयाचे, 'श्री'कार लिहावयाचा, 'शुभ' आणि 'लाभ' हे दोन शब्द दोन्ही बाजूंना मांडावयाचे आणि पाडव्याला त्याच वहीत वर्षातील पहिली नोंद करावयाची, हा परिपाठ पश्चिम हिंदुस्थानातील व्यापारी घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. माझ्या आजोळी किराणा मालाचे लहानसे दुकान होते. तेथे हा सोहळा मी लहानपणी पाहिला आहे. नव्या धंद्याची नोंदणी म्हणून जी काही असे, ती हीच. दुकान उघडणाऱ्याने कोणत्याही कचेरीत जाऊन आपले नाव सांगावे, अशी अपेक्षा नव्हती. त्याला घाऊक पेठेतील अडत्यांनी ओळखावे, त्याची हुंडी परगावी सकारली जावी, एवढे झाले की तो व्यापारी झाला. त्याचे भांडवल जितके तिजोरीत असे, त्याहून अधिक 'पत' या दोन अक्षरांत असे.

परंतु या पतीला एक दुसरी बाजू होती, आणि ती आपण सहसा आठवीत नाही. पेढी आणि पेढीचा मालक यांत भेद नव्हता. पेढी बुडाली की मालक बुडाला. मालकाचे घर, दागिने, भांडीकुंडी, गावाकडची जमीन सारेच धनकोंच्या हाती जावयाचे. दिवाळे निघालेला व्यापारी भरदिवसा दुकानाच्या दारात दिवा लावून बसे, आणि त्यावरूनच 'दिवाळे' हा शब्द आला, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, कल्पना बोलकी आहे. दिवस असताना दिवा लावणे म्हणजे आता लपविण्यासारखे काही उरले नाही, असे चारचौघांत जाहीर करणे. बरे, एवढ्यावर संपत नसे. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानले होते. बाप मेला तरी ऋण मरत नसे. दामदुपटीचा नियम होता, म्हणजे एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नसे. पण दुपटीपर्यंतचा बोजा मुलाच्या आणि नातवाच्याही डोक्यावर राहू शके.

अशा समाजात नवा धंदा कोण काढणार? ज्याला बुडाल्यावर पुन्हा उभे राहता येईल तो; किंवा ज्याच्यामागे ज्ञातीचे, सोयऱ्याधायऱ्यांचे पाठबळ आहे तो. एकट्यादुकट्या माणसाचे, ज्याच्यापाशी एखादे कसब आणि थोडीशी पुंजी आहे अशा माणसाचे, हे काम नव्हते. त्या माणसाचा मार्ग कसा व किती मोकळा होत गेला, हे कंपनीविषयीच्या कायद्यांच्या इतिहासात पाहावयास मिळते. हा इतिहास सामान्यतः वकिलांसाठी लिहिला जातो, म्हणून तो रूक्ष वाटतो. वस्तुतः त्यात एक साधा प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला आहे: धंदा काढण्यासाठी माणसे किती लागतात, आणि तो बुडाला तर भरपाई कोणी करावयाची?

कंपनी हा शब्द आपल्याकडे आला तो एका विशिष्ट कंपनीमुळे. ईस्ट इंडिया कंपनीला १६०० साली एलिझाबेथ राणीने सनद दिली होती. सनद ही राजाची कृपा असे, सर्वांसाठी खुला असलेला कायदा नव्हे. सामान्य व्यापाऱ्याने चार जणांचे पैसे गोळा करून कंपनी काढावी, हे इंग्लंडात फार काळ संशयास्पद मानले गेले. १७२० साली साऊथ सी कंपनीच्या भागांचा बुडबुडा फुगला आणि फुटला. त्याच वर्षी झालेल्या 'बबल अ‍ॅक्ट'ने सनदेवाचून कंपन्या काढण्यास बंदी केली, ती १८२५ पर्यंत टिकली. पुढे १८४४ साली ग्लॅड्स्टनच्या पुढाकाराने कंपनी नोंदविण्याची सोय झाली. पण नोंदणी झाली तरी भागधारकांची जबाबदारी अमर्याद राहिली. १८५५ साली मर्यादित जबाबदारीचा कायदा आला, त्यात किमान पंचवीस भागधारक हवेत अशी अट होती. पुढच्याच वर्षी, १८५६ साली, पंचविसांचे सात झाले. सात माणसांनी एका घटनापत्रकाखाली सह्या करावयाच्या, नावापुढे 'लिमिटेड' हा शब्द जोडावयाचा, की कंपनी अस्तित्वात आली.

या 'लिमिटेड' शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. तो मुळात सावधगिरीची सूचना म्हणून घातला होता. आमच्याशी व्यवहार करताना लक्षात ठेवा, आमची जबाबदारी अमुक इतकीच आहे, त्यापलीकडे आमच्या घरादाराला हात लावता येणार नाही, असे पाटीवरच लिहून ठेवण्याची ती सक्ती. आपल्याकडे मात्र या शब्दाला मानाच्या पदवीचे रूप आले. ज्या पाटीवर 'लिमिटेड' आहे ती पेढी मोठी, ही समजूत आजही पुष्कळ ठिकाणी आढळते.

हिंदुस्थानात या कायद्यांची पावले इंग्लंडच्या मागोमाग उमटली. १८५० च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील सुप्रीम कोर्टांत कंपन्यांची नोंदणी करण्याची सोय झाली, पण जबाबदारी मर्यादित झाली नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी उभारली ती १८५४ साली, म्हणजे याच मधल्या काळात. पाच हजार रुपयांचा एक, असे शंभर भाग त्यांनी शहरातील धनिकांत खपविले. सामान्य माणसाला एक भागही परवडण्यासारखा नव्हता. ज्या काळी कंपनी बुडाली तर भागधारकाच्या सर्वस्वाला धक्का लागू शके, त्या काळी पैसा केवळ श्रीमंतच घालू शकत, हे उघड आहे. १८५७ च्या कायद्याने सात सह्यांची आणि मर्यादित जबाबदारीची पद्धत येथे आली. बँकांना ती सवलत १८६० साली मिळाली.

आणि मग आली ती मुंबईची प्रसिद्ध धामधूम. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा असा पूर लोटला की तो ठेवावयाचा कोठे हा प्रश्न पडला. नव्या कायद्याने मार्ग दाखविलाच होता. बँका, विमा कंपन्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या एकीमागून एक नोंदविल्या जाऊ लागल्या. बॅकबेच्या कंपनीच्या पाच हजारांच्या भागाला दर्शनी किमतीच्या कित्येक पट भाव येऊ लागला. प्रेमचंद रायचंद हे नाव त्या काळी मुंबईच्या सर्राफ्यात मंत्रासारखे होते. मोठ्या सावकारापासून साध्या कारकुनापर्यंत सर्वजण वायद्याने भाग घेऊ लागले. ९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत जनरल ली याने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईस येऊन पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी कोणीच कोणाचे देणे देऊ शकला नाही. ज्या मुंबई बँकेत सरकारचेच भाग होते, ती बँकदेखील या तडाख्यातून वाचली नाही. तिचा कारभार गुंडाळून १८६८ साली त्याच नावाची नवी बँक काढावी लागली.

मर्यादित जबाबदारीने त्या वेळी सामान्य माणसाला वाचविले का? फारसे नाही. वायद्याचा सौदा हा माणसामाणसांतला करार होता. तेथे कंपनीची ढाल पुढे करता येत नव्हती. शिवाय ज्या भागांची पूर्ण रक्कम भरलेली नव्हती, त्यांच्यावर उरलेल्या रकमेची मागणी झाली की ती भरणे भागच होते. 'मर्यादित' याचा अर्थ 'शून्य' नव्हे, हा धडा मुंबईने फार महाग किंमत देऊन घेतला.

या आपत्तीच्या दुसऱ्याच वर्षी, १८६६ साली, दोन कायदे झाले. एक होता कंपन्यांविषयीचा, सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी. जुने कायदे एकत्र करून त्यांना १८६२ च्या इंग्रजी कायद्याचे वळण देणारा. त्याची नोंद प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. दुसरा होता मुंबई इलाख्याचा, आणि त्याची आठवण फारच थोड्यांना आहे. या दुसऱ्या कायद्याने असे ठरविले की हिंदू मुलावर किंवा नातवावर, केवळ तो मुलगा वा नातू आहे एवढ्याच कारणासाठी, मृत बापाच्या वा आजाच्या कर्जाबद्दल दावा चालणार नाही. जेवढी मालमत्ता त्याच्या हाती आली असेल तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. विधवेशी लग्न करणाऱ्या पुरुषाला तिच्या पहिल्या नवऱ्याच्या कर्जाची भीती नको, हेही त्यात आले. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा होऊन दहा वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कलमाचे महत्त्व कळते.

हे दोन कायदे मला नेहमी एकमेकांशेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. पहिल्याने भागधारकाची जबाबदारी मर्यादित केली, दुसऱ्याने पुत्राची. कलकत्त्यास आणि मुंबईस बसलेल्या कायदेकर्त्यांनी एकमेकांशी मसलत केली होती, असा माझा दावा नाही. पण धंदा मांडणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर दुसरा कायदाच अधिक जवळचा होता. कंपनी काढणारे त्या काळी मूठभर. कर्जाचा वारसा मिळालेली मुले मात्र गावोगाव होती. पुत्राच्या या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर दावा चालविण्याचे दार सबंध देशात बंद झाले ते २००५ साली, हिंदू उत्तराधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा.

आता पुन्हा सात सह्यांकडे वळू. सात माणसे आणावयाची कोठून? या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातील अ‍ॅरन सालोमन या बूट तयार करणाऱ्या गृहस्थाने फार सोप्या रीतीने शोधले. तो तीसएक वर्षे एकट्याच्या मालकीवर धंदा करीत होता, आणि धंदा चांगला चालला होता. मुले हाताशी आली, त्यांना भागीदारी हवीशी वाटू लागली. तेव्हा १८९२ साली त्याने कंपनी नोंदविली. सह्या करणारे सातजण कोण? तो स्वतः, त्याची पत्नी, एक मुलगी आणि चार मुलगे. बायकोमुलांकडे एकेका पौंडाचा एकेक भाग, सालोमनकडे २०,००१. आपला जुना धंदा त्याने या नव्या कंपनीला सुमारे ३९,००० पौंडांना विकला. ही किंमत जरा जास्तच होती, असे न्यायाधीशांनाही पुढे वाटले. तिच्यापैकी १०,००० पौंडांचे त्याने कंपनीकडून कर्जरोखे घेतले. म्हणजे सालोमन हा कंपनीचा मालकही झाला आणि सावकारही.

लवकरच दिवस फिरले. बुटांच्या धंद्यात संप झाले. सरकारी मागणी एकाच कारखान्याला न देता अनेकांत वाटली जाऊ लागली. सालोमनने आपले कर्जरोखे गहाण टाकून पैसा उभा केला आणि तो कंपनीत घातला. तरीही १८९३ साली कंपनी बुडाली. गहाणाची रक्कम फिटल्यावर थोडे पैसे उरले. ते कर्जरोख्यांच्या आधारे सालोमनला मिळावयाचे, आणि कातडे व इतर माल उधार देणाऱ्या धनकोंच्या हाती काहीच नाही, अशी स्थिती झाली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी सालोमनला दोषी धरले. ही कंपनी म्हणजे सालोमनचेच दुसरे नाव. बाकीचे सहाजण बाहुली आहेत. पार्लमेंटला असली कंपनी अभिप्रेतच नव्हती, असे त्यांचे म्हणणे. सालोमन तोवर इतका निष्कांचन झाला होता की हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे त्याला नादार म्हणून अपील करावे लागले. नोव्हेंबर १८९६ मध्ये लॉर्डांनी एकमताने निकाल फिरविला. कायद्याने सात सह्या मागितल्या होत्या, त्या सात सह्या आहेत. त्या सातांनी एकमेकांना परके असावे, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. कंपनी नोंदविली गेली की ती एक निराळी व्यक्ती झाली, मग तिचे जवळजवळ सारे भाग एकाच्याच हाती असोत.

हा निकाल न्याय्य होता काय? ज्या व्यापाऱ्यांनी सालोमनच्या नावावर माल दिला आणि ज्यांना 'लिमिटेड' या शब्दाकडे पाहण्याचे सुचले नाही, त्यांच्या डोळ्यांनी पाहिले तर मन साशंक होते. त्यांच्यातही लहान माणसे असतीलच. पण ज्याने आपली तीस वर्षांची कमाई त्याच धंद्यात घातली आणि जो अखेरीस नादार होऊन न्यायासनापुढे उभा राहिला, त्याला ठक म्हणणे मला जड जाते. आपल्या देशातील न्यायालयांनीही हाच सिद्धान्त स्वीकारला आहे. अर्थात कंपनीच्या पडद्याआड लबाडी चालली असेल तर तो पडदा दूर सारण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडे राखून ठेवला.

ज्या १८९२ साली सालोमनने सात सह्या गोळा केल्या, त्याच वर्षी कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र राय या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या राहत्या जागेत औषधे बनविण्यास आरंभ केला. भांडवल सुमारे सातशे रुपये. बेंगॉल केमिकलची मर्यादित कंपनी झाली ती १९०१ साली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावचे सायकलींचे दुकान १८८८ चे. कंपनीची नोंदणी १९२० ची. या दोन्ही उदाहरणांत धंदा आधी आणि नोंदणी मागाहून आहे. वर्षानुवर्षे धोका एकट्याने किंवा भावाभावांनी अंगावर घेतला, आणि बाहेरच्या भांडवलाची गरज पडली तेव्हा कंपनी झाली. आपल्याकडील बहुतेक लहान उद्योगांची हीच रीत होती.

१९१३ च्या कायद्याने 'खाजगी कंपनी' हा प्रकार येथे आणला आणि तिच्यासाठी सातांऐवजी दोनच सह्या पुरेशा ठरविल्या. पतिपत्नीने किंवा दोघा भावांनी मिळून कंपनी काढावी हे आता सरळच शक्य झाले. ज्यांना तेवढाही खटाटोप नको त्यांच्यासाठी भागीदारी होती. १९३२ च्या भागीदारी कायद्याने नोंदणीची सक्ती केली नाही. पण नोंदणी न केलेल्या पेढीला बाहेरच्या माणसावर कराराचा दावा लावता येणार नाही, असे एक मेख मारणारे कलम घातले. पेढीवर मात्र कोणीही दावा लावू शकतो. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांना त्यातून सूट आहे. तेव्हाचे शंभर रुपये म्हणजे काही थोडी रक्कम नव्हती. 'कागद काय करावयाचे आहेत, आपण घरचीच माणसे' असे म्हणणाऱ्या कितीतरी पेढ्यांना या कलमाची ओळख उधारी बुडाल्यावरच झाली आहे.

स्वातंत्र्यानंतर नोंदणीला निराळाच अर्थ आला. १९५१ च्या कायद्याने मोठ्या उद्योगांवर परवान्याचे बंधन आले, आणि 'लहान' असणे ही एक सवलत ठरली. लहान कोणाला म्हणावे याची व्याख्या करावी लागली: १९५५ च्या सुमारास पाच लाखांपेक्षा कमी भांडवल आणि विजेवर चालणारा कारखाना असल्यास पन्नासांपेक्षा कमी कामगार, अशी ती होती. त्याच वर्षी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील ग्रामोद्योग व लघुउद्योगांविषयी अहवाल दिला. विकेंद्रीकरणाचा जो आग्रह तीत आहे, तो वाचण्यासारखा आहे. पुढे काही वस्तू केवळ लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आल्या. तशा शेवटच्या वीस वस्तूंवरील राखीवपणा २०१५ साली उठला. परवाने, गुमास्ता, विक्रीकर, पालिकेची परवानगी यांच्या फेऱ्यांत जी पिढी झिजली, तिचे हाल सांगावयास बसलो तर हे भाषण संपणार नाही.

अलीकडचे बदल झपाट्याने झाले. जमशेद इराणी यांच्या समितीने २००५ साली शिफारस केली आणि २०१३ च्या कायद्याने 'एकाच व्यक्तीची कंपनी' मान्य केली. पंचविसांचे सात, सातांचे दोन, दोहोंचा एक झाला. सालोमनने ज्यासाठी बायकोमुलांच्या सह्या घेतल्या, ते आता एकट्याला उघडपणे करता येते. मात्र त्यातही एक अट आहे: आपल्या मृत्यूनंतर कंपनी कोणाकडे जाईल त्याचे नाव आरंभीच द्यावे लागते, आणि त्याची लेखी संमती जोडावी लागते. म्हणजे एकट्याच्या कंपनीतही दुसरी सही चुकत नाही. खाजगी कंपनीला किमान एक लाखाचे भांडवल हवे ही अटही २०१५ साली गेली. २०१६ पासून नव्या कंपन्यांचे अर्ज हरियाणातील मानेसर येथे एकत्र तपासले जाऊ लागले. जोरहाटचा अर्ज काय, रत्नागिरीचा काय, एकाच ठिकाणी. कंपनीला एकवीस अक्षरांचा व अंकांचा क्रमांक मिळतो, आणि त्यात तिचे राज्य व जन्मवर्ष गोवलेले असते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी तर घरबसल्या, विनामूल्य आणि स्वतःच्याच घोषणेवर होते.

दार एवढे रुंद झाल्यावर लहान माणूस निर्धास्त झाला असेल, असे कोणास वाटेल. माझ्या एका परिचितांनी काही वर्षांपूर्वी पुठ्ठ्याची खोकी बनविण्याचा कारखाना काढला. कंपनी रीतसर नोंदविली. संचालक दोघे, ते आणि त्यांची पत्नी. नोंदणीचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावले. मग ते कर्जासाठी एका बँकेत गेले. तेथे जे कागद पुढे आले त्यांत कंपनीच्या कागदांबरोबर आणखी एक होता: वैयक्तिक हमीचा. कंपनीने कर्ज न फेडल्यास ते मी स्वतः फेडीन, असे त्यात लिहिलेले होते. पत्नीसाठीही तसाच एक होता. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, वेगळे ठरले नसेल तर. म्हणजे भिंतीवरच्या चौकटीने जे मर्यादित केले, ते टेबलावरच्या कागदाने पुन्हा अमर्याद केले.

बँकेला तरी दोष कसा द्यावा? नव्या कंपनीपाशी एका यंत्राखेरीज काय असते? तारणाविना कर्ज मिळावे म्हणून सरकारने २००० साली पतहमीचा निधी उभारला, आणि त्याचा उपयोग पुष्कळांना झाला. पण हमीपत्राची प्रथा त्यामुळे मोडली नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील कंपनीच्या जामीनदारांविषयीची कलमे १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली. त्यांना आव्हान देण्यात आले. कंपनीचे कर्ज तडजोडीने मिटले तरी तेवढ्याने जामीनदार मोकळा होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी दिला.

त्या गृहस्थांनी दोन्ही कागदांवर सही केली. पत्नीने सही करण्यापूर्वी एकच विचारले, की यात राहते घर येते काय. अधिकाऱ्याने मान डोलावली. तिने पेन हाती घेऊन कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावयास सुरुवात केली.